आजाची होडी
शाळेत कॉपीराइटचा तास झाल्यापासून नातीनं सोनूबाईला नुसता वैताग आणला होता. इंटरनेटवर जुना फोटो सापडला होता, पहाटेच्या धुक्यात वेसाव्याची खाडी, होडीत उभा सोनूबाईचा नवरा. तो गेल्यावर लावायला घरात फोटोच नव्हता. म्हातारीनं भिंतीत खिळा ठोकला. नात म्हणे, "थांब आजी, ज्यांनी काढलाय त्यांना विचारलंय." "नवरा माझा, होडी माझी, विचारायचं कुणाला गो?" रिकाम्या खिळ्याकडे बघत सोनूबाई रोज कुरकुरायची. शेवटी फोटोग्राफरनं होकारासोबत मूळ फोटोच पाठवला. इंटरनेटवरचा कुणीतरी कापलेला होता. यात किनाराही होता, आणि धुक्यातून उगवल्यासारखी, टोपली घेऊन होडीकडे बघणारी तरणी सोनूबाई. म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाली, "मोठा खिळा आण. विचारलंस ते बरं केलंस. चोरून आणला असतास, तर तुझा आजा भिंतीवर एकटाच मिरवला असता."