नावापुढचं नाव

व्हिएतनाममधल्या दानांगच्या सॉफ्टवेअर कचेरीत नव्यानं आलेल्या क्वेनला तोआनकाकांनी लिहिलेला जुना प्रोग्रॅम बघून हसू आलं. कोडमधल्या प्रत्येक क्लासच्या नावाआधी ‘न्युंग’ लावलेलं.

“तोआनकाका, हे कशाला?” तिनं विचारलं.

“नुसतं ‘डेट’ ठेवलं, तर प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या स्वतःच्या ‘डेट’शी टक्कर होते. म्हणून आधी काहीतरी जोडायचं.”

“आता आपले क्लास वेगळ्या कप्प्यात ठेवले की भागतं हो.”

दुपारपर्यंत तिनं सगळीकडून ‘न्युंग’ काढून टाकलं. काकांनी पडद्यावरची नावं एकेक करून वाचली.

“बरं केलंस, पोरी.”

“पण हेच नाव का जोडलं होतं?”

“माझ्या लेकीचं. गेलेल्या माणसाचं नाव आपल्यात घरी तोंडानं घेत नाहीत ना? मग मी इथं येऊन बोटांनी घ्यायचो.”