प्रश्नचिन्हांचा घुसखोर

“हे कसलं नाव?” सोनटक्के मॅडमनी स्क्रीनवर बोट टेकवलं. पाणीपुरवठ्याच्या सर्व्हरची तपासणी चालली होती. सॉकेटच्या, म्हणजे चालू जोडण्यांच्या यादीत बाकी सगळी नावं इंग्रजी होती. एका ओळीत मात्र नुसती प्रश्नचिन्हं होती.

“कोणीतरी चोरून शिरलंय,” म्हणत मॅडमनी ती जोडणी स्वतःच्या हाताने बंद केली. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटांत शहरातले सगळे पंप थांबले. मॅडमनी घाईघाईने हिरुळकरांना फोन लावला. निवृत्त होण्यापूर्वी ही यंत्रणा त्यांनीच बसवली होती.

“प्रश्नचिन्हं? अहो, ते नाव मी मराठीत दिलंय. तुमच्या तपासणीच्या प्रोग्रामला देवनागरी वाचता येत नसणार.”

“सर्व्हरवर कोणी मराठीत नाव देतं का, हिरुळकर?”

“मी तरी कुठे देणार होतो! सगळं कामकाज मराठीतच, असं परिपत्रक तुम्हीच काढलंत. इंग्रजी नावाबद्दल मला नोटीससुद्धा दिलीत.”

मॅडमचा आवाज खाली आला. “बरं, पण नाव काय दिलं होतंत?”

“‘पंप यावरच चालतात, कृपया बंद करू नये.’”