भाकरतुकडा

दारात निनाद उभा होता आणि सरोजिनीताई एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याकडे निरखून बघत होत्या. हा खरंच आलाय, की पुन्हा नुसतं रूपच पाठवलंय?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी नव्या जातीची भिंगं बसवली, तेव्हापासून सगळं इंटरनेट त्यांच्या घरात हिंडत असे. परदेशातला मुलगा रोज संध्याकाळी समोरच्या खुर्चीत येऊन बसे, गप्पा मारी, निघताना वाकून नमस्कारही करी. भिंगं काही चष्म्यासारखी काढून ठेवता येत नव्हती. मागच्या दिवाळीत "येतोय" म्हणाला, म्हणून त्या हौसेने भाकरतुकडा ओवाळायला गेल्या, तर पाणी त्याच्या पायांतून आरपार थेट फरशीवर पडलं. "सुट्टी नाही मिळाली गं," तो हसत म्हणाला होता.

"आई, कधीचा उभा आहे. येऊ का आत?"

"थांब मेल्या!" त्या खेकसल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकला आणि डोळे गच्च मिटून त्याच्या पायांवर तांब्या रिकामा केला.

"अगं, केवढं गार पाणी!" निनाद ओरडला.

त्यांनी डोळे उघडले. त्याचे पाय ओलेचिंब झाले होते. सरोजिनीताईंना हुंदका आवरेना.

निनाद हसत पाया पडायला वाकला. त्याचे हात रोजच्या सवयीने त्यांच्या पावलांच्या वीतभर वरच थांबले, आणि तो तसाच उठून आत गेला.