पांढऱ्या दगडांच्या आत

पांढऱ्या दगडांची रांग येताच दोनशे मेंढरं सवयीनं उजवीकडे वळली. आतल्या हिरव्यागार कुरणाकडे एकानंही पाहिलं नाही.

"आता भीती नाही, ठकूबाई," गुरांच्या डॉक्टर रेश्मा काझी म्हणाल्या. "मातीत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या काळपुळीच्या जंतूच्या कवचावर एक वेगळीच साखर असते. तीच बनवून आपण टोचली. शरीर ती ओळखतं आणि जंतूला रुजूच देत नाही. तुम्हालाही टोचलंय की."

"ते मेंढरांना कुठं ठावं? वळायला मीच शिकवलंय त्यांना."

चाळीस वर्षांपूर्वी ठकूबाईच्या भावानं, धुळानं, इथं मेलेली मेंढी सोलली होती. कातडं वाया जाऊ नये म्हणून. आठवड्यात तोही गेला. त्याला कुरणातच पुरून लोकांनी भोवती दगड मांडले. त्यानंतर कुणी आत पाऊल टाकलं नव्हतं.

ठकूबाईनं वहाणा काढल्या, दगड ओलांडले आणि धुळा घालायचा तशी लांब शीळ घातली.

म्होरकी मेंढी थबकली, मग उडी मारून आत आली आणि थेट धुळाच्या मातीवरचं गवत खाऊ लागली.

सवयीनं ठकूबाईची काठी वर गेली. मग तिनं ती खाली ठेवली आणि मेंढीशेजारी बसली.