लाल चौकट

सरकारी नोंदीतून आईचं नाव कमी करायचा फॉर्म ‘मीच भरणार’ म्हणून बाबा अडून बसले होते. त्यांना दिसत नाही. कॉम्प्युटर वाचून दाखवतो आणि ते ऐकून टाइप करतात. “भरायचं तेवढं भरलं रे, पण पुढेच सरकत नाही.” मी मागून पाहिलं. एक रकाना रिकामा होता आणि त्याच्याभोवती लाल चौकट आली होती. कॉम्प्युटर मात्र गप्प. फॉर्म मीच बनवलेला. “लाल दिसलं की कळतंच लोकांना,” असं मीटिंगमध्ये ठासून सांगणाराही मीच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मुकाट्याने दुरुस्ती केली. संध्याकाळी बाबांनी पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटर स्वच्छ आवाजात म्हणाला, “पत्नीच्या मृत्यूची तारीख भरलेली नाही.” बाबांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. “ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “तारीख सोडून बाकीचं घेतात का, तेवढं विचार.”