वाढत्या अंगाचा गणवेश

नववीत मी गचकले, तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं. "आमच्या घराण्यात आजवर कुणी एका वर्गात दोनदा बसलं नाही," हे तिने मला जेवताना, भांडी घासताना आणि शेजारच्या काकूंसमोरसुद्धा ऐकवलं.

जुना गणवेश आखूड झाला होता, म्हणून ती मला शिवणवाल्या मावशींकडे घेऊन गेली. आमच्या शाळेचे गणवेश पूर्वीपासून त्याच शिवतात. आईचेही त्यांनीच शिवले होते. मावशी टेप लावून माप घेत होत्या, तेवढ्यात आई म्हणाली, "वाढतं अंग आहे, जरा ढगळच शिवा. दोन वर्षं गेला पाहिजे."

दहावीचा गणवेश वेगळ्या रंगाचा असतो. हे आईला चांगलं ठाऊक आहे.

संध्याकाळी मी एकटीच मावशींकडे परत गेले आणि म्हटलं, "मावशी, अगदी अंगाबरोबर शिवा. मला एकच वर्ष घालायचाय."

मावशींनी मशीन काही थांबवलं नाही. "तुझी आईसुद्धा नववीत असताना अशीच एकटी परत आली होती. अगदी हेच म्हणाली होती."

मला एकदम हुरूप आला. "मग शिवलात तुम्ही अंगाबरोबर?"

"शिवला की," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दाताने दोरा तोडला.



"पुढच्या वर्षी उसवून मोठा केला. त्याच्या पुढच्या वर्षी परत."