चढाईआधीची खूण

सांगलीच्या कबड्डी संघाने सातही खेळाडू बदलले, तरी मृदुलाने आपली नेहमीचीच खुर्ची धरली. तिसरी रांग, खांबाशेजारची. फरक एवढाच, की नवरा भार्गव मैदानात नव्हता. तो तिच्या शेजारी बसून शेंगा फोडत होता.

गेला अख्खा हंगाम संघ हरला. मालकांनी जुन्यांना नारळ दिला आणि जाताना प्रत्येकाच्या मेंदूतला खेळ काढून एकेका नव्या खेळाडूत बसवला. काढलेला खेळ मागे उरणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. खेळासोबत आणखी काय जाईल, ते कुणी विचारलं नव्हतं.

संघात नवा आलेला हरयाणाचा सुमेर चढाईला आला. त्याने मध्यरेषेला हात लावून कपाळाला टेकवला. मग थेट मृदुलाकडे पाहून कानाची पाळी हळूच ओढली.

लग्न झाल्यापासून भार्गव प्रत्येक चढाईआधी हेच करायचा. तिने तशीच पाळी ओढून उत्तर दिल्याशिवाय तो रेषा ओलांडत नसे.

सुमेरही रेषेवरच खिळला. आपण का थांबलोय, हे त्यालाही कळेना. पंचांनी शिट्टी तोंडाशी नेली.

"हा येडा थांबलाय कशाला?" भार्गव वैतागला.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार?"

मृदुलाने हात वर नेला आणि पाळी ओढली. सुमेर वाऱ्यासारखा सुटला, दोघांना बाद करून परतला.

भार्गव टाळ्या वाजवत उठला आणि पुन्हा खाली बसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"काय गं, कान दुखतोय का तुझा?"